रोमन भिंतीवरचा टॉवर: चार माणसं, एक चूल आणि ११७ किलोमीटरची राखण

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधलं एक झाड कुणीतरी रातोरात कापलं आणि जगभर त्याची बातमी झाली, आठवतंय? दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट खिंडीत एकटंच उभं असलेलं सिकॅमोरचं झाड. जुलै २०२५ मध्ये ते कापणाऱ्या दोघांना चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा तेच फोटो परत फिरले. त्या फोटोत नीट बघितलंत तर झाडाच्या दोन्ही बाजूंनी टेकडीवरून उतरत येणारी एक बुटकी दगडी भिंत दिसते, झाड पडलं तेव्हा तिलाही थोडा मार बसला. ती हेड्रियनची भिंत, म्हणजे रोमन साम्राज्याची ब्रिटनमधली सरहद्द.

मला त्यावरून दोनतीन जणांनी एकच प्रश्न विचारला, की अरे ही तर आमच्या शेताच्या बांधापेक्षा जरा मोठी, हिने कुणाला अडवलं असेल? प्रश्न बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर भिंतीकडे बघत बसलं तर मिळत नाही, उत्तर आहे तिच्यावर दर अर्ध्या किलोमीटरला असलेल्या छोट्या टॉवरमध्ये, ज्याच्याकडे पर्यटक ढुंकूनही बघत नाहीत कारण आज त्याचा बहुतेक ठिकाणी नुसता चौकोनी पाया उरलाय. म्हणून हा लेख झाडावर नाही आणि भिंतीवर पण जेमतेमच, टॉवरवर आहे.

आधी भिंतीचं गणित

सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला येऊन गेला आणि त्याच सुमाराला काम सुरू झालं. त्याच्या आधीच्या ट्राजनने साम्राज्य दणादण वाढवलं होतं, हेड्रियनचं म्हणणं की झालं तेवढं पुष्कळ, आता आहे ते सांभाळा. पूर्वेला टाइन नदीवरच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत, इंग्लंड जिथे कमरेत बारीक होतं तिथे आरपार ८० रोमन मैल, म्हणजे आपले साधारण ११७ किलोमीटर.

रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, डावा पाय टेकला की एक असं मोजायचं, ते साधारण १४८० मीटर होतं. लॅटिनमध्ये हजारला मिल्ले म्हणतात, आपण ‘मैलाचा दगड’ म्हणतो तो मैल तिथूनच आलाय.

आता मांडणी बघा. दर रोमन मैलाला एक छोटी गढी, तिला आज माइलकॅसल म्हणतात, तिच्यात भिंतीतून आरपार जाणारं गेट. आणि दोन माइलकॅसलच्या मध्ये दोन टॉवर, त्यांना टरेट म्हणतात. म्हणजे एका मैलाचे तीन सारखे तुकडे, प्रत्येक तुकडा सुमारे ५०० मीटरचा, अख्ख्या भिंतीवर मिळून असे टॉवर सुमारे १६०. आज त्यांना नंबर आहेत, पूर्वेकडून मोजायचं, चाळीसाव्या माइलकॅसलनंतरचे दोन टॉवर म्हणजे ४०ए आणि ४०बी, अगदी आपल्या सोसायटीतल्या ए विंग बी विंगसारखं.

इथून पुढे मी सरळ टॉवर म्हणणार. बुरूज मुद्दाम म्हणत नाही, कारण बुरूज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजगड-प्रतापगड येतात आणि तोफा येतात, बुरूज हा लढायला असतो. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे मेट. गडाच्या वाटेवर, उतारावर मेटं असायची आणि तिथे मेटकरी बसायचे, कोण वर येतंय त्यावर नजर ठेवायला. रोमन टॉवर हे त्या जातीचं प्रकरण आहे.

आत होतं काय? फार काही नाही

आतून साधारण चौदा फूट बाय चौदा फुटांची एक खोली. चाळीतल्या खोलीपेक्षा थोडी मोठी एवढंच. दगडी भिंती तीनेक फूट जाड, टॉवरचा मागचा भाग मोठ्या भिंतीच्या पोटात घुसवलेला, दार दक्षिणेला, म्हणजे रोमन बाजूला. उत्तरेकडे दार नाही, कारण तिकडे जायचंच नाहीये, तिकडे फक्त बघायचंय. खालच्या खोलीत चूल, वर जायला शिडी किंवा लाकडी जिना, आणि वर बघण्याचा मजला. वरचं काहीच शिल्लक नसल्यामुळे टॉवर किती उंच होता आणि छप्पर उतरतं होतं की सपाट गच्ची होती यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत, अंदाज साधारण तीस फुटांच्या आसपासचा असतो.

उत्खननात जे मिळालं त्यावरून माणसं कळतात. स्वयंपाकाची मडकी, धान्य दळायची जाती (रोमन सैनिकाला धान्य मिळायचं, पीठ त्याने स्वतः करायचं), प्राण्यांची हाडं, नाणी, आणि सोंगट्यांचे दगडी पट. हा शेवटचा आयटम माझा फेवरेट आहे. उत्तर इंग्लंडमध्ये जानेवारीत दुपारी चारला अंधार पडतो, बाहेर बोचरं वारं, आणि तुमची ड्यूटी काय तर समोरच्या मोकळ्या माळावर काही हलतंय का बघत राहणं. माणूस सोंगट्या खेळणार नाही तर काय करणार.

आणि ही माणसं रोमची नव्हती बरं का. भिंत बांधली तीन लीजननी, म्हणजे रोमन नागरिकांच्या मुख्य पलटणींनी, पण पहाऱ्याला बसले ते सहायक तुकड्यांचे लोक, पंचवीस वर्षं नोकरी केली की शेवटी नागरिकत्व मिळणार या बोलीवर भरती झालेले. आजच्या बेल्जियम-नेदरलँड्स भागातले टुंग्रियन आणि बटाव्हियन, कारव्होरानला सीरियातले तिरंदाज, पुढच्या काळात बर्ग-बाय-सँड्सला उत्तर आफ्रिकेतले मूर, साउथ शील्ड्सला चक्क तैग्रिस नदीवरचे नावाडी. साउथ शील्ड्सलाच एका बाईचं थडगं आहे, रेगिना तिचं नाव, ती दक्षिण ब्रिटनची आणि नवरा बाराटेस सीरियातल्या पाल्मायराचा, त्याने तिच्यासाठी लॅटिनखाली आपल्या लिपीत एक दुःखाची ओळ कोरून घेतलीय. सीरियाच्या वाळवंटाजवळचा माणूस या थंडीत येऊन संसार मांडतो आणि तो इथेच संपतो, विषय सोडून जातंय पण राहवलं नाही.

मग लढायचं कुठे?

ही मेन गोष्ट. टॉवरमध्ये लढायचं नसतं.

गावाकडे ज्वारी हुरड्याला आली की शेतात माळा घालतात, चार खांबांवर फळ्या आणि वर बसलेला राखणदार, हातात गोफण. त्या एका माणसाने सगळं शेत राखायचं असतं, पण तो प्रत्येक पाखराशी जाऊन भांडत नाही. त्याची खरी ताकद उंचावर बसण्यात आहे. लांबून थवा दिसला की तो ओरडतो, आणि रानडुक्कर शिरलं तर एकटा खाली उतरायचा मूर्खपणा न करता वस्तीवरच्यांना हाक मारतो. रोमन टॉवर म्हणजे दगडी माळा.

एका टॉवरवर किती लोक? नेमका आकडा लिहून ठेवलेला नाही, पण खोलीच्या आकारावरून अभ्यासक चार-सहा-आठ अशा आकड्यांत बोलतात. समजा चार धरले, एक-दोन वर, बाकीचे खाली झोपलेले किंवा मडक्यात काहीतरी ढवळत बसलेले. ५०० मीटरच्या पट्ट्याला चार माणसं, यांनी शंभर जणांची टोळी अडवावी अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. काम काय, तर बघणं आणि कळवणं. १९२१ साली आर. जी. कॉलिंगवूड या इतिहासकाराने ठामपणे हेच मांडलं, की ही भिंत म्हणजे किल्ल्याची तटबंदी नाही, वर उभं राहून लढायला ती बांधलेलीच नाही, रोमन सैन्य लढायचं मोकळ्या मैदानात आणि भिंत होती टेहळणीसाठी. तोपर्यंत चित्रांमध्ये भिंतीवर दाटीवाटीने सैनिक आणि खालून चढणारे रानटी लोक असं सगळं दाखवत. आता त्याच्या म्हणण्यातल्या काही बारकाव्यांवर वाद आहेत, अगदी भिंतीच्या माथ्यावर चालायची वाट तरी होती का इथपासून, पण टॉवर हे डोळे आहेत हे कुणी नाकारत नाही.

उंचीने काय फरक पडतो तो आकड्यात बघा. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. नऊ मीटर उंचीवर डोळे नेले की तेच दहा-साडेदहा किलोमीटरवर जातं. अर्थात तिथली जमीन सपाट नाही, चढउतारांची आहे, त्यामुळे हा आकडा कागदावरचा, पण भरभर चालणाऱ्या टोळीला दहा किलोमीटर यायला दीडेक तास लागतो, आणि दीड तासात मागच्या किल्ल्यावरची घोडेस्वारांची तुकडी खोगीर घालून निघू शकते.

मग भिंत कशाला? नुसते टॉवर बांधायचे ना

बांधले होते! भिंतीच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी स्कॉटलंडमध्ये गास्क रिज नावाच्या डोंगरधारेवर रोमन रस्त्याच्या कडेने लाकडी टॉवरची रांग होती, भिंत वगैरे काही नाही. जर्मनीतल्या सरहद्दीची कथा तर अजून सरळ सांगते. तिला लिमेस म्हणतात, लिमेस म्हणजे रोमन सीमा-वाट, ऱ्हाइनपासून डॅन्यूबपर्यंत ५५० किलोमीटर. तिथे आधी जंगलातून तोडलेली एक वाट आणि तिच्यावर लाकडी टॉवर, मग हेड्रियनच्या काळात पुढे लाकडी खांबांचं कुंपण, मग लाकडी टॉवरच्या जागी दगडी, मग काही भागात खंदक आणि मातीचा बांध तर काही भागात दगडी भिंत. म्हणजे क्रम बघा, टॉवर आधी आला आणि अडथळा नंतर. त्या लिमेसवर सुमारे ९०० टॉवरच्या जागा माहीत आहेत, भागाकार केला तर सरासरी ६०० मीटरला एक, ब्रिटनमधल्या ५०० मीटरच्या जवळच.

हेड्रियनच्या भिंतीवरही याचा पुरावा आहे. पश्चिमेला बोनेसला भिंत संपते, पुढे समुद्रकिनारा. पण टॉवर संपत नाहीत, कंब्रियाच्या किनाऱ्याने त्याच अंतरांनी कित्येक मैल ते तसेच पुढे जातात, मध्ये मध्ये छोट्या गढ्या, फक्त मोठी भिंत नाही, कारण समुद्र आहे ना अडवायला. माझ्या मते अख्खा विषय समजायला हा एक मुद्दा बास आहे. अडथळा पाण्याचा असो की दगडाचा, डोळे मात्र लागतातच.

मग अडथळ्याचा उपयोग काय? वेळ. कंपाउंड वॉल चोराला कायमची थांबवत नाही, वॉचमनला उठून यायला मिनिटं मिळवून देते. उत्तरेकडून येणाऱ्याला आधी आठ मीटर रुंद आणि तीनेक मीटर खोल खंदक, पूर्वेकडच्या काही भागात खंदक आणि भिंतीच्या मधल्या पट्टीत अणकुचीदार फांद्या रोवलेले खड्डे, मग साधारण साडेचार मीटर उंच भिंत, ज्या भागात ती पूर्ण रुंद बांधली तिथे तीन मीटर जाड. रात्री, चिखलात, शिडी घेऊन हे सगळं करायला वेळ लागतो आणि आवाज होतो.

शिडी लावून चढणं एवढं अवघड आहे का?

नाही, चढता येतं. दहा धट्टीकट्टी पोरं चढून जातील आणि नेमकी दोन टॉवरच्या मधोमध जागा निवडली तर कदाचित कुणाला कळणारही नाही. पण आले कशाला ते? त्या काळातल्या छाप्यात लुटायचं काय तर मुख्यतः गुरं, घोडे. येताना तुम्ही शिडीने याल, जाताना चाळीस गाईंना शिडीवर कसं चढवणार? म्हणजे भिंत तुम्हाला आत येताना थोडं अडवते आणि माल घेऊन बाहेर जाताना पूर्ण अडवते, आता तुम्हाला गेटच लागणार आणि गेटवर सैनिक. तोवर उजाडलेलं असतं.

शिवाय भिंतीच्या दक्षिणेला, रोमन बाजूलाच, अजून एक भलाथोरला खंदक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे बांध आहेत, त्याला व्हॅलम म्हणतात, एकूण रुंदी सुमारे १२० फूट. तो ओलांडायच्या ठरलेल्या जागा किल्ल्यांपाशी. आता आपल्याच बाजूला खंदक कशाला? कारण दक्षिणेकडचे लोकही काही सगळे खुशीने रोमन झाले नव्हते, ब्रिगँटीस नावाच्या मोठ्या जमातीचा मुलूख तिथेच होता. लष्करी पट्ट्यात कुणीही उठून येऊ नये म्हणून दोन्हीकडून बंदोबस्त.

आणि गेटांचा रोजचा उपयोग लढाईपेक्षा जकात नाक्यासारखा असावा असं बरेच अभ्यासक मानतात. कोण येतंय, किती जण, काय घेऊन, कुठे चालला. भिंतीने लोकांचं येणंजाणं बंद केलं नाही, ते ठरलेल्या जागी आणून सोडलं, आणि टॉवरमुळे ठरलेल्या जागा सोडून जाणारा उठून दिसायला लागला. हे एकदा डोक्यात बसलं की फोटोतली बुटकी भिंत वेगळी दिसते (बुटकी आज आहे, वरचे दगड लोकांनी घरं, चर्च आणि कुंपणं बांधायला नेले, आणि अठराव्या शतकात इंग्रजांनी स्वतःच्या सैन्यासाठी रस्ता केला तो बराच भाग याच भिंतीवरून नेला).

बातमी पोचवायची कशी?

ट्राजनच्या विजयस्तंभावर, जो रोममध्ये इ.स. ११३ मध्ये उभा राहिला, अगदी सुरुवातीलाच डॅन्यूबच्या काठावरचे टॉवर कोरलेत. दुमजली, उतरतं छप्पर, भोवती लाकडी कुंपण, वरच्या मजल्याला सज्जा, आणि वरून बाहेर काढलेली लांब मशाल. शेजारी लाकडाचे आणि गवताचे ढीग रचलेले. टॉवर कसा दिसायचा याचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं चित्र हेच, फक्त ते डॅन्यूबचे आहेत आणि शिल्पकाराने बघून कोरले की ऐकून हे तोच जाणे.

म्हणजे रात्री आग, दिवसा धूर. आगीची अडचण अशी की ती एकच गोष्ट सांगते. मोबाइलचे कॉल महाग होते तेव्हा आपण मिस्ड कॉल द्यायचो, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे न्यायला ये, अर्थ आधी ठरवलेला असायचा तरच उपयोग. तसंच हे, ‘काहीतरी गडबड आहे’ एवढं कळणार, कोण किती कुठे ते नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने इसवी सनाच्या आधीच दुसऱ्या शतकात याच्यावर तोड लिहून ठेवलीय, अक्षरांचा पाच बाय पाचचा तक्ता करायचा आणि दोन बाजूंना एक ते पाच मशाली धरून रांग आणि स्तंभ दाखवायचा, अक्षर अक्षर करत निरोप पूर्ण. डोकं जबरदस्त आहे पण ‘शंभर घोडेस्वार’ एवढं सांगेपर्यंत घोडेस्वार येऊन चहा पिऊन जातील. नंतरचा लष्करी लेखक व्हेजिशियस टॉवरवरच्या लाकडी दांड्या वरखाली करून खुणा द्यायची पद्धत सांगतो, तीही होतीच.

मला विचाराल तर रोजच्या कामात याच्यापेक्षा साधं काहीतरी चालत असणार, ओरडणं, शिंग फुंकणं, आणि सरळ धावत जाणं. ५०० मीटर, धावलं तर तीन मिनिटं. अंतर एवढं कमी ठेवायचं कारण यातच असावं, शेजारचा टॉवर नजरेत आणि हाकेच्या टप्प्यात राहतो.

पण सगळीकडे हे आपोआप जमत नाही. भिंत डोंगरधारेवरून जाते आणि मध्येच खिंड येते, खिंडीत उतरलेल्या माणसाला दोन्हीकडचे टॉवर बघू शकत नाहीत. अशीच एक पील गॅप नावाची खिंड आहे, त्या कापलेल्या झाडाच्या जागेपासून जवळच. तिथे १९८० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा ३९ए आणि ३९बी यांच्या मध्ये एक जादाचा टॉवर सापडला, हिशोबात न बसणारा. म्हणजे आधी मोजपट्टीने बांधलं, मग पहाऱ्यावरच्या कुणीतरी सांगितलं असणार की साहेब इथे आंधळी जागा आहे. सीसीटीव्ही लावून झाल्यावर पार्किंगचा कोपरा दिसत नाही हे कळतं, तसंच.

मोजपट्टीचा हट्ट

रोमन लोक फार प्रॅक्टिकल होते असं आपण नेहमी ऐकतो, पण टॉवर बघितले की वाटतं यांच्यात सरकारी खात्याचं रक्तही भरपूर होतं. आदेश मैलाला दोन टॉवर, मग समोर कडा असो नाहीतर दलदल, मैलाला दोन टॉवर. जर्मनीत वाल्ड्यूर्न ते वेल्त्सहाइमच्या भागात सुमारे ८० किलोमीटर सीमा दोरी लावल्यासारखी सरळ आहे, मध्ये दऱ्या आल्या तरी वाकडी नाही.

ब्रिटनमध्ये आधी प्लॅन होता दहा रोमन फूट रुंद भिंतीचा. टॉवर बांधणारी टीम पुढे गेली, त्यांनी टॉवरला दोन्ही बाजूंनी रुंद भिंतीची सुरुवात करून ठेवली, पंखांसारखी, म्हणजे मागून येणाऱ्यांनी फक्त जोडायचं. मग वरून निर्णय आला की एवढी रुंद नको, कमी करा. मागची टीम बारीक भिंत घेऊन टॉवरपाशी पोचली तर पंख रुंद आणि भिंत अरुंद! ब्रंटनच्या २६बी टॉवरला आणि विलोफर्डच्या ४८ए टॉवरला ही पायरी आजही स्पष्ट दिसते, आपल्याकडे फ्लायओव्हरचे दोन तुकडे मध्ये येऊन जुळले नाहीत की जसं दिसतं तसं.

याच्यापुढची गोष्ट अजून भारी. आधी मोठे किल्ले मागे होते, भिंतीपासून लांब. काम अर्धं झाल्यावर ठरलं की नाही, किल्ले भिंतीवरच पाहिजेत. मग चेस्टर्सला आधीच बांधलेला २७ए आणि हाउसस्टेड्सला ३६बी हे टॉवर पाडून त्यांच्यावर किल्ला बसवला. हाउसस्टेड्सला गेलात तर किल्ल्याच्या आत त्या पाडलेल्या टॉवरचा पाया दाखवतात.

एवढं करून उपयोग झाला का?

कधी झाला, कधी नाही. कॅसियस डिओ हा रोमन इतिहासकार लिहितो की इ.स. १८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या टोळ्या भिंत ओलांडून आल्या आणि त्यांनी एका सेनानीला त्याच्या सैनिकांसकट कापलं. मोठं सैन्य ठरवून आलं की टॉवर फार तर बातमी देऊ शकतो, आणि मागे बातमी ऐकणारं कुणी तयार नसेल तर तेवढाही उपयोग नाही.

त्या ‘तयार’ शब्दाचं काय असतं ते भिंतीजवळच्याच विंडोलांडा किल्ल्यात कळतं. तिथे १९७३ पासून पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं आणि हिशोब मिळतायत, बहुतेक भिंतीच्या थोडे आधीचे. त्यातला एक हजेरीचा कागद, म्हणजे पट्टी, सांगते की टुंग्रियन तुकडीची पटावरची संख्या ७५२, त्यातले ४५६ बाहेर इतर कामांवर, जागेवर २९६, त्यातले ३१ निकामी, १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. उरले २६५. पटावर साडेसातशे आणि हातात अडीचशे, हे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला समजावून सांगायची गरज नाही. आणि ज्या सैन्याचं मुख्य काम लांबवर बघणं आहे त्यात दहा जण डोळे आले म्हणून पडून. दुसऱ्या एका पत्रात मोजे आणि अंतर्वस्त्रं पाठवल्याचा उल्लेख आहे, अजून एकात मास्क्लुस नावाचा घोडदळाचा अधिकारी लिहितो की पोरांकडची बिअर संपलीय, पाठवा. सरहद्द चालते ती अशा सामानावर.

रोमन लोकांनाही टॉवर जास्त झाले असं वाटलं असणार. कारण दुसऱ्या शतकाच्या शेवटी, तिसऱ्याच्या सुरुवातीला मधल्या डोंगराळ भागातले बरेच टॉवर त्यांनी स्वतःच पाडले आणि भिंतीतला त्यांचा कोनाडा दगडांनी भरून टाकला. भिंत तशीच ठेवली, उलट दुरुस्त केली, पण दर ५०० मीटरला चूल पेटती ठेवायचं बंद केलं. माणसं कमी पडली असतील, किंवा भिंतीच्या पुढे उत्तरेला ब्यूकॅसल, रायझिंगहॅम, हाय रॉचेस्टर असे चौकीवजा किल्ले होते तिथून घोड्यावरून फिरणाऱ्या गस्ती जास्त उपयोगी ठरल्या असतील. जर्मनीतले टॉवर इ.स. २६० च्या आसपास लिमेससकट सुटले, सीमा मागे ऱ्हाइन-डॅन्यूबवर आली.

जाऊन बघायचं असेल तर

हेड्रियनची भिंत १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, २००५ मध्ये जर्मन लिमेस आणि २००८ मध्ये स्कॉटलंडमधली अँटोनाइन भिंत तिच्यात जोडली गेली. (आपले बारा किल्ले २०२५ मध्ये गेले त्याच यादीत, म्हणजे आता आपण शेजारी.) भिंतीच्या कडेने १३५ किलोमीटरची पायवाट आहे आणि मधल्या भागात बस फिरते तिचा नंबर एडी१२२, बांधकामाचं साल, ज्याने कुणी ठरवला त्याला नमस्कार. न्यूकॅसल-मँचेस्टरकडे राहणाऱ्यांना एका दिवसात होण्यासारखं आहे, सर्व ऋतूंत रेनकोट न्या.

सगळे हाउसस्टेड्सला गर्दी करतात, करा, पण वेळ असेल तर पश्चिमेला बँक्स ईस्टचा ५२ए टॉवर बघा, रस्त्याच्या अगदी कडेला आहे. या भागात भिंत आधी मातीची होती, टॉवर मात्र पहिल्यापासून दगडी, आणि नंतर माती काढून दगडी भिंत आणून टॉवरला टेकवली, त्यामुळे दोन्ही बाजूंना सरळ उभा सांधा दिसतो, बोट घालून बघता येतो. शेजारीच वरच्या मजल्याच्या भिंतीचा एक मोठा तुकडा पडलाय, चुन्यासकट अखंड, पडताना फुटलाच नाही. तिथून थोडं पूर्वेला पाइक हिल आहे, तिथला टॉवर भिंतीच्याही आधीचा, त्याला भिंतीची दिशा माहीतच नव्हती म्हणून तो तिरका उभा आहे आणि भिंत त्याच्यापाशी येऊन मुकाट्याने वळून गेलीय.